गाडीतलं अंथरूण

लॉजच्या चादरीवर माझा कधीच विश्वास बसला नाही. ती धुतलेली असते की नुसती झटकून घातलेली, हे अंथरणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. लग्नानंतर एकदा आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, तेव्हा मी रात्रभर स्वतःची साडी खाली घालून अंग चोरून पडले होते. त्यानंतर आम्ही कुठे राहिलो ते नातेवाइकांकडे, नाहीतर संध्याकाळच्या आत पनवेलला परत. माझी आईही अशीच. दूधवाल्याच्या देखत नखावर दुधाचा थेंब घेऊन तो ठरतो की ओघळतो ते बघायची, आणि ठरला तरी तिचं समाधान व्हायचं नाही. आम्हा बहिणींपैकी तिचा हा गुण पुरता माझ्याच वाट्याला आला.

त्यामुळे हे निवृत्त झाल्यावर, गाडीत झोपून फिरणाऱ्या एका जोडप्याचा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला आणि मला वाटलं, अरे, हेच तर मला हवंय! आपली चादर, आपली उशी, आपलं दार, आणि आतून लावायची आपलीच कडी. आमची गाडी जुनी, उभट आणि चौकोनी. हे उरणकडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते आणि इतकी वर्षं तिनेच ये-जा करायचे. आता ती बिल्डिंगखाली नुसतीच उभी होती.

जेवताना मी विषय काढला. मला वाटलं हसतील, म्हणतील या वयात काय हे खूळ. पण हे हसले नाहीत. हातातला घास तसाच धरून म्हणाले, "गाडीत?"

"हो, गाडीत. मागची सीट पाडायची, वर गादी टाकायची."

"बघू," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

माणूस हसला असता तर मी विसरून गेले असते. हसला नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मी घरी ब्लाउज शिवते. आमच्या सेक्टरमधल्या बायकांची मापं मला त्यांच्या तोंडासकट पाठ आहेत. तेव्हा गाडीचं माप घ्यायला मला कुणाची गरज नव्हती. टेप गळ्यात घालून मी पार्किंगमध्ये उतरले आणि मागची सीट पुढे पाडली. ती सपाट पडत नव्हती. पाठीचा भाग तिरका राहत होता आणि डिकीपाशी चांगली वीतभर पायरी होत होती. शिवाय पुढच्या सीटांच्या मागे पाय ठेवायची जागा म्हणजे एक खड्डाच. तिथे डोकं आलं असतं तर रात्रभर मान लोंबकळली असती. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काकू, गाडी विकताय का?"

"नाही हो, मापं घेतेय."

"गाडीला कपडे शिवणार की काय?" आणि त्या हसल्या. मी हसले नाही, कारण पडदे मी खरंच शिवणार होते.

मग हे खाली आले. मागच्या दारातून आत डोकावले आणि अगदी सहज बोलून गेले, "डोकं मागच्या दाराकडे ठेवायचं. पुढे ठेवलंस तर पहाटे मान धरते. आणि दोन्हीकडच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेव. एकाच बाजूची ठेवली तर हवा फिरत नाही, सगळ्या काचांना घाम येतो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकलंय कुणाकडून तरी."

'पहाटे' हा शब्द मी तिथल्या तिथे मनात दुमडून ठेवला. ऐकीव माहितीत पहाट नसते. मान कधी धरते, हे ज्याची धरते त्यालाच कळतं.

सुताराकडून प्लायवूडची फळी कापून आणली. तिला बिजागऱ्या लावून ती दोन भागांत दुमडेल अशी केली. खाली लाकडी पाय लावले, म्हणजे खड्डाही झाकला गेला आणि पायरीही भरून निघाली. गादीवाल्याकडून फोम आणला. एकसंध गादी दिवसा ठेवायची कुठे, म्हणून त्याचे तीन तुकडे केले आणि सुती खोळींना बंद लावून एकमेकांना बांधले. गादीवाला म्हणाला होता की जाड घ्या, मऊ असेल. पण जाड फोमवर बसलं की डोकं छताला लागत होतं. तो बदलून पातळ फोम आणला, तेव्हा त्याने कापताना कडेला माप मारलं, असा मला अजूनही संशय आहे.

मग पडदे. ब्लाउजच्या अस्तराचं काळं कापड दुहेरी घेतलं आणि वर तार ओवायला नेफा केला. तारेचे हूक बसवायला दाराच्या वरच्या पट्टीवर पेन्सिलने खुणा करत होते, तेव्हा नखाला काहीतरी लागलं. पट्टीत एक बारीक भोक होतं. त्यात पुट्टी भरून वर राखाडी रंग लावलेला. मी दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथेही तसंच. पलीकडच्या दाराला दोन, मागच्या दाराला दोन. मी जिथे खुणा करत होते, अगदी तिथेच.

म्हणजे या गाडीत पडदे आधी लागले होते. आणि काढून, भोकं बुजवून, वर रंगही लावला होता.

गाडी आम्ही शोरूममधून नवी घेतली होती. आधीचा मालक नव्हताच, की ज्याच्यावर हे ढकलता आलं असतं.

मी विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. मी गप्प राहून बघत राहते, ही माझी रीत. पडदे तसेच ठेवले आणि गाडी पुरती रिकामी केली. सीटखालचं सगळं काढलं, डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनी बाहेर घेतली. स्टेपनीच्या खोबणीत, जॅकच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत एक घडी होती. उलगडून बघितली. मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, चारी बाजूंनी मुडपलेला, कडेला इलॅस्टिक भरलेलं. मी तो मागच्या दाराच्या काचेवर धरला. टोपी डोक्यात बसावी तसा बसला.

शिवण हाताची होती. टाके सारखे, एकाला एक लागून, कोपरे कातरून आत घेतलेले. माझ्यासारखीला ओशाळायला लावील इतकं नेटकं काम. आणि ते माझं नव्हतं. पुरुषाचा हात असा चालत नाही, असं मला तेव्हा वाटलं. ही कुण्या बाईची शिवण होती, आणि तिने माझ्या गाडीच्या काचेचं माप घेतलं होतं.

दोरा शिवणकामाचा नव्हता. हिरवट, जाडसर, नायलॉनचा. नाकाशी नेला तर सुक्या मासळीचा पुसट वास आला.

तो तुकडा मी अस्तरांच्या पिशवीत लपवला आणि वर जाऊन पोळ्या लाटल्या. पोळ्या लाटता लाटता मागची वर्षं एकेक करून पुढे येऊ लागली. यांची दुपारपाळी असली की रात्री फोन यायचा, "रिलिव्हर आला नाही, डबल करतोय." आठवड्यातून एकदा, मग दोनदा, पावसाळ्यात तर जवळजवळ रोज. सकाळी उजाडल्यावर घरी यायचे. तेव्हा मला त्यांची कीव यायची, गरम पाणी काढून ठेवायची. आता आठवलं की डबल करून आलेला हा माणूस झोप झाल्यासारखा दिसायचा. गाडीला मासळीचा वास का येतो म्हणून एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "बरोबरचा एक जण जवळा घेऊन बसला होता." मी तेव्हा विश्वास ठेवला. मी, जी दुकानातल्या वजनकाट्यावरही विश्वास ठेवत नाही!

त्यानंतरचे दिवस घरात मी दोन डोळ्यांनी काम केलं आणि दोन डोळ्यांनी पाळत ठेवली. यांचा मोबाईल बघितला. त्यात काही नव्हतं, आणि काही नसणं हेही मला पुसून टाकल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. सुरुवातीला 'बघू' म्हणणारे हे आता अंथरुणात रस घेऊ लागले होते, आणि तोही एकाच बाबतीत. ते दिवे आणत होते. बॅटरीवरचे चिकटवायचे दिवे, छताला लावायची दिव्यांची माळ, प्रत्येक दाराच्या खिशात एक टॉर्च, आणि खाली पाय ठेवायच्या जागेपाशीसुद्धा एक पट्टी.

"एवढी रोषणाई कशाला? आत लग्न लावायचंय का कुणाचं?" मी खोचकपणे विचारलं.

"अडखळायला नको रात्री," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तोंड फिरवलं.

गाडी तयार झाली. पंखा पॉवर बँकवर चालत होता, पुढच्या काचेला उन्हाचा चंदेरी पडदा बसत होता, पाण्याचा कॅन आणि छोटा स्टोव्ह फळीखाली नीट मावत होता. पहिल्यांदा जायचं कुठे, असा प्रश्न आला. हे म्हणाले, कर्नाळ्याच्या बाजूला कुठेतरी, पळस्पे फाट्यावरून जवळच पडेल. मी ताटात भात वाढत होते. यार्डाजवळ मासळीचं बंदर म्हणजे करंजा, हे मी मनात जुळवून ठेवलं होतं. वर न बघता मी म्हणाले, "करंजाला जाऊ या."

यांचा चमचा वाटीवर वाजला आणि थांबला.

"करंजाला काय आहे? मासळीचा वास नुसता."

"मला बंदर बघायचंय. समोर रेवस दिसतं म्हणे. आणि तुमच्या यार्डाच्या बाजूलाच ना? तुम्हाला रस्ता पाठ असेल."

त्यांनी उरलेला भात कालवून संपवला. मग म्हणाले, "दुपारी लवकर निघू." मी मनात म्हटलं, हो, निघू या की लवकर.

निघालो. उलव्याच्या बाजूने डंपर आणि धूळ, पुढे गव्हाण फाट्याला ट्रेलरांची रांग. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रेलरपाशी हे गाडी हळू करत होते आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरत होते. मी प्रत्येक गोष्ट टिपत होते. उरण मागे पडलं, डोंगराच्या कडेने रस्ता खाली उतरला आणि करंजा आलं. दिवाळी होऊन गेली होती. हवा कोरडी होती. बोटी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मोकळ्या जागेत जवळा वाळत घातला होता आणि काही बायका तो फडक्याने सारखा करत होत्या. हे कुणालाही न विचारता एका बोळातून गाडी आत घेऊन गेले आणि धक्क्याच्या आधी, एका घरासमोरच्या सपाट अंगणात उभी केली.

दारातून एक बाई बाहेर आली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. कानात सोन्याच्या जड कुड्या, लुगडं कासोटा मारून नेसलेलं, चेहऱ्यावर मोकळं हसू. यांना बघून ती हात उंचावून म्हणाली, "दादा! लय दिवसांनी! आमाला वाटला इसरले तुमी."

यांचे कान लाल झाले. म्हणाले, "कामावरून सुटलो आता, ताई. ही मंडळी."

"वयनी काय? या ना, बसा. गारी बरी लावली, नेहमीच्या जागंवर."

नेहमीच्या जागेवर. मी त्या बाईचे हात बघत होते. बोटं लांबसडक, नखं कापलेली. जाळी शिवणारीची बोटं अशीच असणार. तिने पाणी आणून दिलं. मी ते प्याले नाही, नुसतं ओठाला लावलं.

ती मला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "वयनी, काळोख परायच्या आदी काय ता आटपून घ्या. दादाला मंग उठवू नका."

"का?" मी विचारलं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुमाला ठाव हाय ना?" एवढंच म्हणाली आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून आत गेली.

मी गाडीपाशी आले. हे फळी उघडून गादी पसरत होते आणि मधूनमधून मावळतीकडे बघत होते. "दिवे लावून टाकतेस का?" म्हणाले.

"लावते."

मी लावले नाहीत. मला कळत नव्हतं मी काय करतेय, पण या माणसाला उजेड हवा असेल तर तो मी देणार नाही, असं काहीतरी हट्टाचं माझ्या मनात होतं. सूर्य खाडीपलीकडे गेला. मी कॅन हातात घेऊन म्हणाले, "पाणी भरून आणते," आणि त्या घराकडे निघाले. कॅन भरलेलाच होता. मला त्या बाईला सरळ विचारायचं होतं.

पण विचारायची वेळच आली नाही. मी तिच्या दाराशी पोचले, तोवर मागून यांनी मला हाक मारली. मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली आणि गाडीतून खाली उतरले. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. मला अंगणातले दोर दिसत होते, वाळत टाकलेली जाळी दिसत होती, मांजरसुद्धा दिसत होतं. हे दोन्ही हात पुढे धरून, पाय उचलून न टाकता घासत घासत चालत होते. चेहरा माझ्या दिशेला, पण मी जिथे होते तिथे नाही. ते धक्क्याकडे निघाले होते. तिथे उतार होता आणि उताराखाली भरतीचं पाणी.

मी कॅन टाकून धावणार, तेवढ्यात माझ्या मागून ती बाई ओरडली, "दादा! हालू नका!"

हे जागच्या जागी थांबले. सवयीने थांबावं तसे.

"उजवीकरे सरका. आजून. आता पुढं या, दोर हाय, पाय उचला. हां. या."

ती जागची हलली नाही, त्यांना हात लावला नाही. नुसत्या आवाजाने तिने माझ्या नवऱ्याला त्या अंगणातून चालवत दारापर्यंत आणलं. पायरी आली तेव्हा "पायरी" म्हणाली, आणि यांनी पाय बरोबर उचलला. मी हातभर अंतरावर उभी होते. यांनी हात पुढे केला, चाचपडत माझ्या खांद्याला लावला आणि विचारलं, "कोण, तूच ना?"

इतके दिवस मी काय काय शोधून काढलं होतं! आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. संध्याकाळनंतर हे घराबाहेर पडत नाहीत, लग्नाच्या रिसेप्शनला जात नाहीत, जेवताना आमटीची वाटी हाताने चाचपून घेतात. डास, बातम्या, कंटाळा. प्रत्येकाला त्यांनी कारण दिलं होतं आणि प्रत्येक कारण मी गिळलं होतं.

त्या बाईचा नवरा बोटीवरून आला आणि त्याने आम्हाला आत बसवलं. चहा झाला. तिनेच सांगितलं. पहिल्यांदा हे आले, तेव्हा गाडी धक्क्याजवळ लावून आतच बसून होते. "माज्या मालकानं इचारला, दादा, काय झाला? तं म्हणाले, काय नाय, उजेड झाला का जातो. उनाळ्याचे दिस, काचा बंद, घामानं भिजलेले. मंग आमी सांगितला, गारी अंगणात लावा. मच्छर लय, म्हणून ती जाली शिवून दिली."

"तुम्ही शिवलीत?"

"मी नाय. मालकानं. जाली शिवाची ता बाप्यांचा काम." तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो मान खाली घालून बशीतला चहा पीत होता.

ती शिवण बाईची, असं मी छातीठोकपणे ठरवलं होतं. मी त्याला फक्त एवढं म्हणाले की टाके फार सुंदर आहेत. तो लाजला.

मग गाडीत येऊन मी सगळे दिवे लावले. इतके की त्या आडव्या, पडदे ओढलेल्या डबीत सावलीसुद्धा उरली नाही. आम्ही दोघं गादीवर समोरासमोर बसलो, पाय दुमडून. यांनी सांगायला सुरुवात केली. गव्हाण फाट्याजवळ, रात्री घरी येताना, रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर यांना दिसलाच नव्हता. कशी कोण जाणे, गाडी घासून निघाली. त्यानंतर अंधारात पनवेलपर्यंत गाडी चालवायची हिंमत झाली नाही. यार्डात फ्लडलाइट असायचे, तिथे निभत होतं. पण तिथेच गाडीत झोपले असते तर वरच्यांना कळलं असतं आणि त्यांनी घरी बसवलं असतं; म्हणून पाळी सुटली की दिवे असलेल्या जवळच्या रस्त्याने कसेबसे करंजापर्यंत यायचे. गुपचूप मुंबईला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, हळूहळू वाढणारा.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला एक सांगितलं की तू त्याच्या मागचं दुसरं शोधतेस."

"मग काय होतं दुसरं?"

ते बराच वेळ चादरीची कड दुमडत राहिले. "डॉक्टर म्हणाले, घराण्यातून येतो कधीकधी. मुलांनाही होऊ शकतो. तेव्हा हिचं लग्न ठरत होतं."

हिचं म्हणजे आमच्या मुलीचं. ती आता पुण्याला असते, तिला एक मुलगा आहे. मला ट्रेलरचं ऐकून रडू आलं होतं, पण हे ऐकून ते थांबलं. म्हणजे तिलाही सांगितलं नाही. तिच्या सासरी तर नाहीच. मी विचारत सुटले. अजून काय लपवलंय? भोकं कधी बुजवली? निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात. दिवसा दिसतं का नीट? समोरचं दिसतं, बाजूचं कमी. म्हणजे आज दुपारी मला बाजूचं न दिसणाऱ्या माणसाने इथवर आणलं? मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की बोलता बोलता माझा आवाज बाहेर अंगणात गेला असणार.

अंथरूण मात्र आरामाचं झालं होतं, हे कबूल करायला हवं. फळी कुरकुरली नाही, फोम बोचला नाही, काचांना घाम आला नाही. मी सावधपणे मागच्या दाराकडे डोकं केलं होतं. सकाळी माझी मान धरली नव्हती.

सकाळी मी यांना गाडी चालवू दिली नाही. त्या बाईचा दीर उरणच्या एका गोदामात गाडी चालवायचा. त्याने आम्हाला पनवेलपर्यंत सोडलं आणि तो बसने परत गेला. त्याच आठवड्यात पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी यंत्रासमोर बसवलं, तपासलं, आणि मी प्रत्येक प्रश्न दोनदोनदा विचारला. बरा होणारा आजार नाही, म्हणाले. गाडी बंद, दिवसाही. हे यांनी शांतपणे ऐकलं. खिशातून किल्ली काढून त्यांनी ती माझ्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

मी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. माझ्या वयाची तिथे मी एकटीच. शिकवणारा म्हणायचा, "काकू, समोर बघा, आरशात किती बघता?" पण मागून कोण येतंय हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं, आणि तेवढ्यावरच मी परीक्षा पास झाले असं मला वाटतं.

मुलीला फोनवर मीच सांगितलं. हे शेजारी बसले होते. तिने एवढंच विचारलं, "बाबांना तेव्हाच माहीत होतं?" मी हो म्हणाले. तिने फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलायची, यांची चौकशी करायची, पण फोन यांच्याकडे दे म्हणायची नाही. तिने नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं. तिकडे काय झालं ते तिने मला पुरतं सांगितलेलं नाही. तिचे डोळे तपासले. आज तरी काही नाही. बाळ मोठं झालं की त्याचे तपासायचे आहेत.

एका रविवारी ती बाळाला घेऊन आली. संध्याकाळी मी गाडी काढली. शिकल्यावर घरच्यांना घेऊन मी पहिल्यांदाच उजेड जायच्या वेळी चालवत होते. मागे फळीवरच्या गादीवर ती बाळाला थोपटत होती, पुढे माझ्या शेजारी हे. वडाळे तळ्याच्या काठाला जागा मिळाली तिथे गाडी लावली. बाळ झोपलं. आल्यापासून ती यांच्याशी कामापुरतंच बोलली होती. आता तिने मागूनच विचारलं, "बाबा, आत्ता काय दिसतंय तुम्हाला?"

यांनी शेजारची काच खाली केली. मग म्हणाले, "आधी कडा जातात. घरातलं सामान कुणी भिंतीकडून एकेक उचलून न्यावं तसं. मधे राहतं थोडंसं. आत्ता पाणी दिसतंय. पलीकडचे दिवे दिसतायत, पण ते पाण्यावर आहेत की इमारतीत आहेत, ते कळत नाही. तुझी आई दिसत नाही. आवाज येतो तिचा."

"मी बोलत कुठे होते?" मी म्हणाले.

"श्वास घेत होतीस."

मुलगी पुढे सरकली आणि दोन सीटांच्या मधून डोकं घालून तळ्याकडे बघू लागली. "डावीकडे बाक आहे, तो दिसतो?"

"नाही."

"त्याच्यावर दोन माणसं बसलीत."

"असतील," हे म्हणाले.

मी डावीकडे वळून बघितलं. बाक होता आणि दोन माणसं होती. मग ती विचारत राहिली, हे सांगत राहिले, आणि हे जे जे दिसतं म्हणाले ते खरंच तिथे आहे की नाही, ते मी प्रत्येक वेळी मान वळवून बघून घेत होते.